बुटाच्या सोलवर एफईआर आला, म्हणजे पेटंट बुडालं का?

भोसरीतल्या एका तरुण कारखानदाराने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. गाड्यांच्या सस्पेन्शनला लागणारे रबराचे आणि पॉलियुरेथेनचे भाग बनवण्याचं त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, आणि पहाटे वेताळ टेकडीवर धावायचा त्यांचा नेम आहे. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःसाठीच बुटाचा सोल करून पाहिला. टाचेखाली दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये टीपीयूचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे, पोकळ खांब. पेटंटचा अर्ज स्वतःच लिहिला, स्वतःच भरला. आता पहिला तपासणी अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात तो, हातात पडला आहे. त्यात चार आक्षेप आहेत : नावीन्य नाही, इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल) नाही, पेटंट कायद्याचं कलम ३-एफ लागू होतं, क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारी वाक्यं, मोघम आहेत. ते विचारतात, अर्ज सोडून द्यावा का? त्याऐवजी डिझाइनची नोंदणी करून मोकळं व्हावं का? आणि अर्जाच्या आधी मित्रांना घालायला दिलेल्या बारा जोडांमुळे मुळातच सगळं हातचं गेलं आहे का? सोबत त्यांनी स्पेसिफिकेशन (अर्जातलं शोधाचं लेखी वर्णन), अहवाल, एक्झामिनरने, म्हणजे पेटंट कार्यालयातल्या तपासनिसाने, दाखवलेली दोन जुनी पेटंटं आणि एक सोल पाठवला होता.

कागद दोनदा वाचले आणि सोल टाचेपाशी करवतीने उभा कापून पाहिला. अर्ज सोडू नका. तुमच्या सोलमध्ये जे खरोखर नवं आहे ते तुम्ही अकराव्या पानावर एका परिच्छेदात लिहिलं आहे, आकृती ३ मध्ये नीट काढलंही आहे. पहिल्या क्लेममध्ये मात्र त्याचा मागमूस नाही. चारही आक्षेपांचं मूळ तिथे आहे, आणि उपायही तिथेच आहे.

आधी तारखेचं बघा. एफईआर ज्या तारखेला निघाला त्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेलं पाहिजे. तेवढ्यात जमणार नसेल तर ती मुदत संपायच्या आत फॉर्म ४ भरून आणखी तीन महिने मागता येतात. उत्तर गेलंच नाही तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असं धरतात. तुमचे दोन महिने विचार करण्यात गेलेत. अहवाल आला म्हणजे अर्ज फेटाळला, या समजुतीने हातपाय गाळून बसलेली माणसं मी पंचवीस वर्षांत खूप पाहिली आहेत, आणि दरवेळी जिवाला लागतं, कारण एफईआर हा संवादातला पहिला प्रश्न असतो. एकही आक्षेप न येता सरळ मंजूर झालेले अर्ज माझ्या हातून फार थोडे गेले आहेत.

एक्झामिनर काम कसं करतो ते समजलं की त्याचा राग येत नाही. पुण्याचा अर्ज अँटॉप हिलच्या मुंबई कार्यालयात नोंदतो, पण तपासणीला तो मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता यांपैकी कुठल्याही कार्यालयातल्या माणसाकडे जाऊ शकतो. त्या माणसाने तुमचा बूट पायात घातलेला नाही, टेकडी चढलेला नाही. त्याच्यासमोर आहे तो फक्त कागद. तो पहिला क्लेम उचलतो, त्याचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा जुन्या दस्तऐवजांत शोधतो. शोधायला आंतरराष्ट्रीय वर्गीकरण असतं. पादत्राणांचा वर्ग ए४३बी. त्यात १३/१८ मध्ये लवचिक सोल, १३/२० मध्ये हवा भरलेले सोल, २१/२६ मध्ये लवचिक टाचा. हे कप्पे काठोकाठ भरलेले आहेत.

किती भरलेले, याचा अंदाज यावा म्हणून थोडा इतिहास सांगतो. हवा भरलेल्या सोलची अमेरिकन पेटंटं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला निघालेली आहेत. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात ईव्हीए नावाच्या फोमचे मिडसोल, म्हणजे सोलचे मधले थर, आले. विमान-अंतराळ क्षेत्रातून आलेल्या मॅरियन रूडी नावाच्या अभियंत्याने बंद पिशवीत वायू भरून ती सोलमध्ये बसवली. त्याची अमेरिकन पेटंटं १९८० ची, आणि नायकीचे एअर बूट त्याच कल्पनेवर उभे राहिले. आसिक्सने १९८६ मध्ये जेल आणलं. नायकीनेच २००० साली शॉक्स नावाच्या बुटात टाचेखाली उभे खांब ठेवले. आदिदासने २०१३ मध्ये फुगवलेल्या टीपीयूच्या दाण्यांचा बूस्ट सोल आणला. आणि या प्रत्येकाच्या मागे स्पर्धकांनी भरलेल्या उपप्रकारांची रांग आहे. तेव्हा ‘टाचेखाली पोकळ, लवचिक काहीतरी’ ही जागा आता कुणालाच मिळणार नाही. तुम्हाला मिळू शकते ती त्या रांगेतली एक नेमकी फट, आणि ती तुमच्याकडे आहे.

तुमचा पहिला क्लेम म्हणतो : धावण्याच्या बुटाचा सोल, ज्यात वरचा थर, खालचा थर आणि त्या दोहोंमध्ये अनेक पोकळ लवचिक घटक असून ते घटक अधिक चांगल्या प्रकारे धक्का शोषतात. आता अहवालातलं डी१, म्हणजे एक्झामिनरने दाखवलेलं पहिलं जुनं पेटंट (दुसरं ते डी२), उघडा आणि मजकूर बाजूला ठेवून आधी आकृत्या पाहा. बुटांच्या पेटंटमध्ये आकृतीच जास्त बोलते. दोन पट्ट्या आहेत, मध्ये पोकळ खांब आहेत. राहिलं ‘अधिक चांगल्या प्रकारे धक्का शोषतात’ एवढंच. हा परिणाम झाला. तो कशामुळे होतो हे क्लेममध्ये नाही, म्हणून एक्झामिनर त्याला वजन देत नाही. एकाच दस्तऐवजात क्लेममधली प्रत्येक गोष्ट सापडली की नावीन्य संपलं. इथे तो आक्षेप बरोबर आहे, आणि माझा सल्ला असा की त्यावर वाद घालू नका. काही जण अशा ठिकाणी तीन-तीन पानं भांडतात. त्यातून मिळत काहीच नाही, उलट पुढचे मुद्दे वाचताना एक्झामिनरचा आपल्यावरचा विश्वास कमी होतो.

अकरावं पान मात्र सोनं आहे. तिथे तुम्ही लिहिलं आहे की उंच खांब दोन्ही पट्ट्यांना टेकलेले आहेत, त्यांच्यामधले आखूड खांब फक्त खालच्या पट्टीला जोडलेले आहेत, आणि पायावर भार नसताना आखूड खांब आणि वरची पट्टी यांत २ ते ६ मिलिमीटरची फट राहते. पुढे लिहिलं आहे की उंच खांबाची भिंत जिथे दुमडते त्याच उंचीवर एक छोटं छिद्र आहे. भिंत दुमडली की छिद्र आकसतं, आतली उरलेली हवा कोंडते, आणि नेमक्या त्याच वेळी वरची पट्टी आखूड खांबांवर येऊन टेकते. पाय उचलला की भिंत सरळ होते, हवा परत आत येते.

धावताना पायाखाली शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल येतं. ६० किलोच्या माणसासाठी टाच मऊ केली तर ९० किलोच्या माणसाच्या पायाखाली ती पूर्ण दबते आणि शेवटचा धक्का सरळ हाडाला बसतो; ९० किलोसाठी कडक केली तर ६० किलोवाल्याला ती लाकडासारखी लागते. एकाच फोममध्ये ही दोन्ही टोकं सांभाळणं अवघड, म्हणून कंपन्या धावणाऱ्यांच्या वजनाप्रमाणे वेगवेगळे बूट सुचवतात. तुमचा सोल आधी मऊ चालतो आणि ठरावीक दाबानंतर आपणहून ताठ होतो. हे ‘का’ आणि ‘कशाने’ दोन्ही तुमच्या मूळ कागदात आहे, यावर सगळा खेळ अवलंबून आहे. कारण कलम ५९ प्रमाणे एफईआरनंतर क्लेम आवळता येतो, दुरुस्त करता येतो, स्पष्ट करता येतो. पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं ते नव्याने आत आणता येत नाही आणि क्लेमची व्याप्ती वाढवता येत नाही. अर्ज भरल्याच्या दिवशी जे लिहून ठेवलं त्याच पुंजीवर पुढची सगळी वर्षं काढायची असतात. तुम्ही वकील न लावता अर्ज लिहिलात, क्लेममध्ये चुकलात, पण वर्णनात हात आखडला नाहीत. फार बरं केलंत.

नवा पहिला क्लेम मी साधारण असा लिहीन : टाचेच्या भागात वरची पट्टी व खालची पट्टी, दोन्ही पट्ट्यांना टेकलेले पोकळ उंच खांब, त्यांच्यामध्ये केवळ खालच्या पट्टीला जोडलेले व भार नसताना वरच्या पट्टीपासून फट राखणारे आखूड खांब, प्रत्येक उंच खांबाच्या भिंतीत, ती भाराखाली दुमडते त्या उंचीवर, एक छिद्र, छिद्राची जागा आणि फटीची उंची अशी, की भिंत दुमडून छिद्र आकसतं तेव्हा वरची पट्टी आखूड खांबांना टेकते. शेवटचं अर्धवाक्य काढू नका. सगळा जीव त्यात आहे.

२ ते ६ मिलिमीटरचा आकडा पहिल्या क्लेममध्ये घालायचा मोह होईल, कारण आकडा दिसला की क्लेम ठोस वाटतो. तो आकडा अवलंबित, म्हणजे पहिल्या क्लेमला धरून पुढे येणाऱ्या, क्लेममध्ये ठेवा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत सायकलच्या सीटच्या एका अर्जात मी घाबरून मुख्य क्लेममध्ये स्प्रिंगच्या तारेची जाडी टाकली. पेटंट मिळालं. दोन वर्षांनी बाजारात त्या जाडीच्या जरासं बाहेरची तार वापरून तशीच सीट आली, आणि माझ्या अशिलाला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून दुरुस्तीचा मसुदा झाला की मी एक रात्र मध्ये जाऊ देतो आणि सकाळी स्वतःला विचारतो, हे वाचून स्पर्धक कुठून निसटेल?

आता इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे अवघड भाग. कायद्याच्या कलम २ मधली व्याख्या सांगते की आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि शिवाय त्या धंद्यातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नसावी. ‘आर्थिक महत्त्व’ हे शब्द वाचून लोक विक्रीचे आकडे जोडतात. सहज न सुचण्याची अट त्याने पुरी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात घालून दिलेली कसोटी आजही वापरतात. खटला भांडी लेथवर पकडण्याच्या साधनाचा होता, आणि न्यायालय म्हणालं की कारागीर कामाच्या ओघात करतो तेवढी वर्कशॉपमधली सुधारणा पेटंटला पुरत नाही. ते पेटंट रद्द झालं. वर्कशॉपवाल्या माणसाने हा निकाल ध्यानात ठेवावा, कारण आपल्याकडच्या पुष्कळ चांगल्या कल्पना नेमक्या याच रेषेवर उभ्या असतात.

एक्झामिनरने डी१ मधले खांब आणि डी२ मधल्या जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची बेरीज केली आहे. तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा डी२ च्याच पोटात आहे. डी२ मधली हवा बंदिस्त आहे. टाच टेकली की ती नळीतून चवड्याकडे जाते आणि परत येते. तिचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये, असं ते पेटंट स्वतः सांगतं. तुमच्यासारखी छिद्रं डी२ मध्ये पाडली तर त्याचं काम बंद पडेल. जाणकार माणूस चालतं यंत्र मोडायला निघत नाही. आणि डी१ मध्ये सगळे खांब एकाच उंचीचे आहेत; दुसऱ्या टप्प्याचा प्रश्नच त्याच्या लेखकाला पडलेला दिसत नाही. उत्तरात हे डी१ आणि डी२ च्या परिच्छेदांचे क्रमांक देऊन, त्यांचेच शब्द समोर ठेवून लिहा. ‘आमचा सोल अद्वितीय आहे’ या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही.

तुमच्या कागदात एक ठिसूळ जागाही आहे, ती तुम्हाला आधीच सांगितलेली बरी. पार्श्वभूमीच्या भागात तुम्ही लिहिलं आहे की ही कल्पना ट्रकच्या कमानपाट्यांवरून सुचली. रिकाम्या ट्रकमध्ये हेल्पर, म्हणजे मदतीचे जादा, पाटे टेकत नाहीत, माल भरला की टेकतात. खरी गोष्ट आहे, आणि सांगण्यातला तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण एक्झामिनर उद्या म्हणू शकतो की दोन टप्प्यांचं ताठपण सर्वज्ञात होतं, तुम्हीच कबूल केलं आहे. भोसरी-चाकणच्या माझ्या अशिलांमध्ये हे वारंवार येतं, कारण आपली सगळी विद्या गाड्यांच्या भागांवर पोसलेली आहे आणि ती दुसऱ्या क्षेत्रात नेली की नवं काही निघतं. ते वाक्य आता लपवायला जाऊ नका. उत्तर असं द्या की इथला जाणकार म्हणजे पादत्राणं बनवणारा माणूस, त्याला ट्रकचे पाटे उघडून पाहायचं कारण नाही. आणि पाहिले तरी हेल्पर पाट्यात हवा नसते, छिद्र नसतं, ते आकसण्याचा प्रश्न नसतो. दोन टप्पे तिथून आले हे मान्य करा, दोन टप्प्यांची वेळ छिद्राने साधणं हे तिथे नव्हतं हे ठासून सांगा. उत्तर कळल्यावर कोडं सोपं वाटतंच. एक्झामिनरला त्या आधीच्या क्षणावर परत न्यायचं, हे तुमचं काम.

कलम ३-एफ बद्दल फार काही बोलायला नको, कारण वरचं नीट लिहिलं की तेही सुटतं. ओळखीची साधनं शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर त्याला कायदा शोध मानत नाही. तुमच्याकडे उंच खांबाची घडी छिद्राला आकसवते आणि त्याच हालचालीने आखूड खांब कामाला लागतो. एक काढला तर दुसऱ्याची वेळ चुकते. हे परस्परावलंबन एका परिच्छेदात, आकृती ३ चे क्रमांक टाकून लिहा.

मोघमपणाचा आक्षेप तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. ‘पुरेसा मऊ’, ‘अधिक चांगला’, ‘योग्य जाडीचा’ हे शब्द काढा. पाचव्या क्लेममध्ये तुम्ही ‘टीपीयू किंवा तत्सम’ असं लिहिलं आहे. ‘तत्सम’ म्हणजे काय ते वर्णनात दिलेल्या पदार्थांच्या नावांनी लिहा.

मी वेळ आणि पैसा घालवीन तो चाचणीवर. तुमच्या फाइलमध्ये एकच आलेख आहे, तयार सोलचा. त्याच्याजवळ तुलनेला काही नाही, म्हणून तो मुका आहे. तीन नमुने बनवा, मोल्ड तुमच्याच टूलरूममध्ये होतील. पहिल्यात फक्त उंच खांब, म्हणजे डी१ सारखा. दुसऱ्यात उंच आणि आखूड दोन्ही, पण छिद्र नाही. तिसरा तुमचा. तिन्ही यूटीएमवर, म्हणजे नमुना दाबून बल मोजणाऱ्या यंत्रावर, दाबा आणि किती बलाला सोल किती दबतो याचा आलेख काढा. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही आणि प्रत्येकाच्या लॅबमध्ये ते यंत्र असतं. पहिल्याची रेषा एका ठिकाणी कोसळेल, दुसऱ्यात वळण धारदार येईल, तिसऱ्यात ते वळण गोलाईने यायला हवं. तसं आलं तर ‘छिद्र आणि फट मिळून काम करतात’ हे वाक्य तुमचं राहत नाही, आलेखाचं होतं. धक्क्याची चाचणी वजन टाकून वेगळी करावी लागते, कारण हवेची कोंडी वेगावर अवलंबून असते आणि यूटीएम सावकाश दाबतं. त्याला एएसटीएम एफ१९७६ ही पद्धत आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत पादत्राणांच्या चाचण्या होतात, तिथे विचारा. निकाल प्रतिज्ञापत्रावर द्या, कलम ७९ त्याची सोय करतं. आणि निकाल मनासारखा आला नाही, तर आधी मला सांगा. तिसरा नमुना दुसऱ्यापेक्षा वेगळा वागलाच नाही, तर छिद्राचा मुद्दा सोडून फक्त फटीवर उभं राहावं लागेल, आणि तो रस्ता पुष्कळ अरुंद आहे. एक पथ्य : हे आकडे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये घुसवता येणार नाहीत. तिथे सांगितलेल्या परिणामाला ते आधार म्हणून येतात. ‘जड धावकाच्या पायाखाली सोल पूर्ण दबत नाही’ हे अकराव्या पानावर आहे, म्हणून तुमचे आकडे चालतील.

बारा जोडांच्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे हे तुमच्या पत्रावरून दिसतं. भारतात अमेरिकेसारखी सरसकट सवलतीची मुदत नाही. अर्जाच्या आधी शोध लोकांपुढे आला तर तो तुमच्याच विरुद्ध जाऊ शकतो. पण सगळं गेलं असं समजू नका. कलम ३२ सांगतं की अग्रक्रमाच्या तारखेआधीच्या (तुमच्या बाबतीत पहिल्या अर्जाच्या तारखेआधीच्या) एक वर्षात, अर्जदाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी, केवळ वाजवी चाचणीसाठी शोध लोकांत वापरला आणि शोधाचं स्वरूपच असं होतं की चाचणी लोकांत करणं भाग होतं, तर तेवढ्यावरून पेटंट नाकारता येत नाही. धावण्याचा बूट खोलीत बसून तपासता येत नाही. तुम्ही जोड दिले ते प्रोव्हिजनल, म्हणजे सुरुवातीच्या तात्पुरत्या, अर्जाच्या पाच महिने आधी, पैसे घेतले नाहीत, आणि दर आठवड्याला गुडघा, घोटा, झीज याच्या नोंदी मागवल्या. त्या नोंदींची वही जिवापाड जपा. शिवाय खांब बाहेरून फोमने झाकलेले होते, बूट पाहून आतली रचना कळत नव्हती. कुणाला कधी दिले, काय सांगून दिले, परत किती आले, हे आजच लिहून काढा, आठवण ताजी आहे तोवर. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कलम २५ खाली कुणीही हरकत घेऊ शकतो, आणि आधीच्या सार्वजनिक वापराचा मुद्दा त्यात हमखास येतो. बारापैकी एका मित्राने टेकडीवर सोल उघडून चार जणांना दाखवला असं तुम्ही लिहिलं आहे. तो प्रसंग कधीचा, हे त्याला विचारा. अर्जानंतरचा असेल तर प्रश्न मिटला. आधीचा असेल तर ती आपली कमजोर बाजू आहे, आणि ती मला माहीत असलीच पाहिजे.

डिझाइनच्या नोंदणीकडे वळायला तुम्ही उशीर केला आहे. डिझाइन कायदा २००० फक्त दिसणं राखतो. रचनेचं तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक साधन त्यात बसत नाही, म्हणून तुमचे खांब आणि छिद्रं तिथे मुळातच सुरक्षित होणार नव्हती. सोलचा बाहेरचा आकार आणि तळाची नक्षी बसली असती. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढते. पण डिझाइनही नवं असावं लागतं, आणि तुमचा पेटंट अर्ज अठरा महिन्यांनंतर जर्नलमध्ये आकृत्यांसकट प्रसिद्ध झाला आहे. आकृती १ मध्ये तुम्ही पूर्ण बूट बाजूने आणि तळाने काढला आहे. त्या आकारासाठी तुमचाच कागद आता तुमच्या आड येतो. हे दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात भरायचे असतात, आणि ही गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक नव्या उत्पादकाला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या मोल्डसाठी तळाची नवी नक्षी काढणार असाल तर ती कुठेही दाखवण्याआधी वेगळी नोंदवा.

उत्तर गेल्यानंतर बहुधा हिअरिंगची नोटीस येईल. तीही हरल्याची खूण समजू नका. हिअरिंग व्हिडिओवर होतं, मुंबईला जावं लागत नाही. समोर कंट्रोलर, म्हणजे निर्णय देणारा पेटंट अधिकारी, असतो आणि वेळ थोडा असतो. कापलेला सोल कॅमेऱ्यासमोर धरून अंगठ्याने दाबा. उंच खांब दुमडतो आणि पट्टी आखूड खांबावर टेकते ते त्याला दिसू दे. मग आकृती ३, मग तीन रेषांचा आलेख. बोलून झालं की पंधरा दिवसांत लेखी निवेदन द्यायचं असतं, आणि कंट्रोलरचा निर्णय त्या कागदावरून लिहिला जातो, म्हणून जे बोललात ते सगळं त्यात आलं पाहिजे. तरीही नकार आला तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील आहे. कारणं न देता, जुन्या दस्तऐवजांवरून शोध सहज कसा सुचतो हे न सांगता दिलेला नकार टिकत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अॅग्रिबोर्डच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तिथवर जायची वेळ येईल असं मला हे कागद पाहून वाटत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सोल ज्या खोक्यातून आला त्यावर दिसली. खोक्यावर ठळक ‘पेटंटेड’ छापलं आहे. पेटंट मिळालेलं नसताना तसं म्हणणं कलम १२० खाली दंडपात्र आहे, आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून तुम्हाला हक्क मिळतात, पण कुणावर दावा लावायचा तर पेटंट मंजूर व्हावं लागतं. तोवर ‘पेटंटसाठी अर्ज केलेला’ एवढंच लिहिता येतं. छापून ठेवलेल्या खोक्यांवर या आठवड्यातच स्टिकर लावा, आणि दुकानात गेलेली परत मागवा.